खारी न तुटणारी वाट

यंदा मृग लागायच्या आधीच आमच्या दुकानापुढचा रस्ता हिरवा झाला. पावसाने नव्हे, रंगाने. सकाळी शटर वर केलं तर दोन माणसं रस्त्याच्या कडेला दोरी ताणून बसली होती आणि तिसरा डब्यातला रंग ओतत माझ्या पायरीकडे सरकत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सायकलीचा पट्टा, काका."

"आणि माझ्या गिऱ्हाईकाने गाडी कुठं लावायची? तुझ्या डोक्यावर?"

"ते सायबांना इचारा."

साहेब समोरच्या सावलीत उभे होते. तरुण, बोलायला गोड. मी गोड माणसाशी आधी भांडून घेतो, कारण नंतर भांडता येत नाही. पण त्यांनी माझा आवाज चढायच्या आत मोबाईल पुढे केला आणि चित्रं दाखवली. सायकलवाटांचे म्हणे प्रकार असतात. एक नुसता रंगाचा पट्टा, जसा आमच्या नशिबी आला. दुसऱ्यात रंगाच्या कडेला छोटे खांब, म्हणजे मोटार आत येत नाही. तिसरी फूटपाथला लागून, उंच उचललेली. आणि एक तर झाडांमधून स्वतंत्रच जाणारी, जिच्यावर दुसरं काही फिरकतच नाही.

"सगळं छान. पण सायकली कुठायत?"

"येतील, काका. आधी वाट करायची, मग माणूस येतो."

"उलटं आहे, साहेब. आधी माणूस जातो, मग वाट होते."

ते हसले. मीही आत आलो, कारण भट्टीतून खारीचा ट्रे बाहेर निघाला होता आणि त्या वासापुढे मला भांडता येत नाही. तूप, मैदा आणि किंचित करपलेली कड. हा वास आला की माझ्या मांड्या आपोआप ताणतात. पाय पायडल शोधू लागतात. बाहेर ढग भरून आलेले, आत हा वास, आणि मधे तो ओला हिरवा पट्टा. त्या दिवशी मी गल्ल्यावर बसून होतो, पण होतो बाहत्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात.

तेव्हा माझ्याकडे जुनी बावीस इंची सायकल होती, तिच्या दांडीला नगरपालिकेचा पितळी बिल्ला होता आणि कॅरेजवर पत्र्याची पेटी होती. सायकलचा कर भरल्याशिवाय तो बिल्ला मिळत नसे. माझी त्या काळापासूनची एक तक्रार आहे, आज सांगूनच टाकतो. तेव्हा सायकलवाल्याकडून कर घेतला आणि त्याला रस्ता दिला नाही. आता रस्ता दिला तर सायकलवाला उरला नाही. सौदा कोणत्याच बाजूने जमला नाही.

आमची वाडी केडगावच्या पुढे, पुणे रोडपासून आत. वाडीच्या पलीकडे माळावर त्या वर्षी पाझर तलावाचं काम निघालं होतं. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. बहुतेक जनावरं छावणीला गेली होती, रानं भुईसपाट पडली होती, आणि गावंच्या गावं त्या माळावर माती वाहत होती आणि खडी फोडत होती. मीही आधी पाटी उचलली. पण मला दुसऱ्याच्या शिट्टीवर वाकता येत नाही. मुकादमाशी दोनदा हातघाईवर आलो. मग माझ्या लक्षात आलं की सकाळची हजेरी झाली की माळावर एक म्हातारा चुलाण पेटवतो, मोठ्या पातेल्यात गुळाचा चहा उकळतो, आणि लोक तो नुसताच पितात. चहाबरोबर खायला काही नाही. सरकारी सुकडीचा खाऊ मिळायचा तो दुपारनंतर.

शहरातल्या एका बेकरीच्या मालकाकडे, चाचांकडे, गेलो. मोठे पोट, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया. कुणाची ओळख नाही, जामीन नाही, तरी त्यांनी माझी पेटी भरून दिली. वर एकच सांगितलं, "बेटा, पाव कसाही ने. उशाला घेऊन झोप, काही होत नाही. बटर आपटून ने. पण खारी नवरीसारखी न्यायची. तिला रस्ता कळतो."

चाचांचं ते वाक्य मी चेष्टेत घेतलं. दुसऱ्या दिवशी माळावर पेटी उघडली, तेव्हा आत अर्धी खारी आणि अर्धा भुगा होता.

त्या दिवसापासून मी रस्ता पायाने किंवा डोळ्याने नाही, पेटीने ओळखू लागलो. प्रत्येक रस्त्याचा पेटीतला आवाज वेगळा. आणि वेळेचं बंधन होतं. चहा उकळायच्या आत पोचलो तर पेटी रिकामी. चहा संपल्यावर पोचलो तर खारी कोरडी, आणि मीही कोरडाच. उन्हात पेटी तापून दुसऱ्या दिवसापर्यंत ती खवट होई. तेव्हा लवकर जायचं आणि सावकाश जायचं, या दोन गोष्टी एकाच चाकावर बसवायच्या होत्या.

पुणे रोडवर मधोमध डांबर. ते ट्रकचं आणि एसटीचं. मागून हॉर्न वाजला की सायकलवाल्याने खाली उतरायचं, हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. डांबराच्या कडेची पायरी उतरताना पेटीत चर्र व्हायचं. पण खाली मुरमात, डांबरापासून हातभर अंतरावर, एक गुळगुळीत रेघ होती. कुणी साहेबाने आखलेली नव्हती. पहाटे शहराकडे जाणारे दूधवाले, गिरणीचे, शाळेचे मास्तर, सगळ्यांच्या चाकांनी मिळून ती ओढली होती. त्या रेघेवर मी कायम राहायचो. ज्याने डांबरावर चढायचंच नाही असं ठरवलं, त्याला उतरायची भीती नसते. धंद्यातही मी पुढे हेच केलं.

रेल्वेच्या रुळांच्या कडेने गँगमनची पायवाट होती. इंजिनाची राख पडून पडून ती काळी, मऊ आणि दबलेली झाली होती. खारीला ती मानवायची. पण तिथे सायकल घालणं गुन्हा, गँगमन लांबूनच माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि त्याचं बरोबरच होतं. गाडीरस्त्याच्या चाकोरीची तऱ्हा वेगळी. बैलगाडीच्या चाकाने पाडलेल्या खाचेत आपलं चाक घातलं की हँडल धरायचीसुद्धा गरज नाही, रुळावर असल्यासारखं जायचं. मात्र समोरून गाडी आली की ना इकडे ना तिकडे. बैल तोंडाशी येऊन उभे राहायचे आणि गाडीवान वरून म्हणायचा, "काय पाव्हनं, आता बैलाच्या पोटाखालनं जाताय व्हय?" मग सायकल उचलायची. उचलली की पेटी तिरकी, तिरकी झाली की चुरा.

आणि सगळ्यांत वाईट रस्ता आमच्याच लोकांनी केलेला. दुष्काळी कामावर फोडलेली खडी तलावाकडच्या नव्या रस्त्यावर पसरली होती, पण वरून रोलर फिरायचा होता. लोक घाम गाळून ती फोडत, आणि त्यांच्याच चहाची खारी त्याच खडीवर फुटे. यावर हसावं की काय करावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या सगळ्यांतून सुटका म्हणजे आमचा बांध. पुणे रोडपासून वाडीपर्यंत आमच्या आणि चुलत्याच्या रानामधला सामाईक बांध. अरुंद, पण सपाट. महिनाभर मी त्याच्यावरून सुखाने गेलो. एका पहाटे चाक फुसकन बसलं, मी एकीकडे, पेटी दुसरीकडे. बांधावर बाभळीच्या काट्या अंथरल्या होत्या. चुलतभाऊ दामू कमरेवर हात ठेवून उभा होता.

"दामू, ह्यो काय चावटपणा?"

"तुज्या चाकानं बांध झिजतोय."

"सायकलनं बांध झिजतो?"

"रोज नखाएवढा झिजला तर माजी नातवंडं तुज्या रानात पेरतील का तू माज्यात? हद्द हाय ती. रस्ता न्हाई."

दुष्काळात, जिथे गवताची काडी नव्हती, तिथे माझा भाऊ नखाएवढ्या मातीचा हिशेब करत होता. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी दामूच्या घरचं पाणी प्यायलो नाही. त्याच्या नातीच्या लग्नाला गेलो, अक्षता टाकल्या आणि न जेवता आलो. लोक म्हणतात, आता सोड. सोडेन. त्याने आधी काट्या उचलाव्यात. काट्या कधीच कुजून गेल्या, हे मला माहीत आहे.

बांध गेला, तशी फक्त कोंडाआक्काच्या रानातली पायवाट उरली.

कोंडाआक्का एकटी राहायची. मालक गेलेले, मुलगा श्रीगोंद्याला साखर कारखान्यावर. रान तिचं ती बघायची आणि तोंडाने अर्धी वाडी सांभाळायची. तिच्या काळ्या रानातून माळाकडे तिरकी एक वाट गेली होती. पीक नसल्यामुळे सगळे कामकरी तिथूनच चालत, आणि इतक्या अनवाणी पायांनी ती वाट तुळशीपुढच्या अंगणासारखी गुळगुळीत झाली होती. चालणाऱ्याला आक्का काही म्हणत नसे. पण सायकल म्हणजे वाहन. विचारणं भाग होतं.

ती दारात बसून मिलो निवडत होती. सरकारी दुकानातला तो लाल दाणा ती हातावर घेऊन अशी बघायची, जणू कुणी तिचा अपमान केलाय.

"आक्का, तुज्या रानातनं सायकल घालू का?"

"घाल की. काय देतोस?"

"वाटंचं काय द्यायचं? वाट कुनी वापरून संपत न्हाई."

"मग दामूनं काट्या का टाकल्या?"

तिला सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "रोज एक खारी देतो."

"अख्खी खारी मी काय करू? दात कुठायत मला? पेटीच्या तळाला चुरा उरतो न्हाई का, तो दे. चहात टाकला की गिळता येतो. आनि आइक, पेरनी होईपतोर. पाऊस पडून रान वापशावर आलं की वाट बंद. मग माज्या दारात ओरडत यायचं न्हाई."

चुरा तसाही विकत नव्हता. मला वाटलं, म्हातारीला गुंडाळलं. अशा खुशीत मी हातावर हात मारला.

त्या वाटेवरच्या सकाळी मला अजून दिसतात. चैत्रातली थोडी गार हवा, दोन्हीकडे भेगाळलेलं काळं रान, आणि मधून ती पांढरट चकचकीत वाट. चाकाचा आवाज येत नसे. चेनचा तेवढा येई, आणि पेटीतून काहीच नाही. पेटी गप्प असणं हे तेव्हा माझं सगळ्यांत मोठं सुख होतं. पुढे बायका पाट्या घेऊन चाललेल्या असायच्या, मी घंटी वाजवली की बाजूला होत म्हणायच्या, "व्हा बाजूला, नवरी चालली." माळावर चुलाणाचा धूर उठलेला दिसे. तो दिसला की कळे, वेळेत आहोत. वाटा मात्र त्या वर्षी सगळीकडे होत्या. पीक नसलं की सगळी जमीनच वाट होते. मुलूख मोकळा पडला होता आणि जायला कुठूनही येत होतं, असं मोकळेपण पुन्हा कुणाला न मिळो.

आठवड्याभरात आक्का दारात उभी. ओंजळ पुढे. मी पेटीचा तळ झाडला तर चिमूटभर निघालं.

"एवढाच?"

"तुजी वाटच चांगली हाय, आक्का. तुटतच न्हाई."

"म्हंजे माजी वाट चांगली, म्हनून मलाच कमी? आरं रंग्या, ह्यो कुठला न्याय? जरा धसमुसळा चालवत जा."

"मग माजा धंदा?"

"मग माजा चहा?"

आम्ही दोघं हसलो नाही. दोघंही खरंच भांडत होतो. शेवटी असं ठरलं की चुरा कमी पडला तर मी बटराचे तुकडे घालायचे. ते तिने चहात इतका वेळ भिजवले की चहा थंड झाला, आणि दुसऱ्या दिवशी मला त्याचाही जाब विचारला.

मग पाऊस आला, आणि चांगला आला. लोकांनी पाट्या टाकल्या आणि रानाकडे पळाले. माळावरचं काम ओसरलं, पण तोवर मी पलीकडच्या गावांमधल्या चहाच्या हॉटेलांना माल लावला होता. वाट मला अजून हवी होती. किंबहुना आता जास्त हवी होती, कारण हॉटेलवाला एकदा वाट बघतो, दुसऱ्यांदा दुसरा माणूस बघतो.

एका सकाळी पोचलो तर आक्काच्या रानात कुळव फिरलेला. वाटेचा मागमूस नाही. एवढ्या पायांनी वर्षभर केलेली वाट एका फेऱ्यात मातीत गेली.

"आक्का, कडंनं एवढीशी ठेवली आस्ती तर काय गेलं आस्तं?"

"बोली काय झाल्ती?"

"बोली झाल्ती, पन माणुसकी हाय का न्हाई?"

"पेरनीपतोर म्हनलं हुतं का न्हाई मी? तूच हातावर हात मारला."

स्वतःच्या सौद्यात अडकण्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. मी म्हणालो, "उन्हाळाभर माजा चुरा खाल्लास," आणि सायकल फिरवली. ती बैलांकडे गेली.

पुढचे दिवस मी चिखलातून, चाकोरीतून, डोक्यावर पेटी आणि खांद्यावर सायकल घेऊन ओढा ओलांडत गेलो. मडगार्डमध्ये काळी माती गच्च बसायची. काडीने उकरायची, चार पावलं जायचं, पुन्हा उकरायची. खारी सादळली, मोडली. एका हॉटेलवाल्याने माल परत केला. आक्काच्या रानाकडे मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तिने बाजरी पेरली, हे दुसऱ्यांकडून कळलं.

आठवडा उलटला असेल. पुणे रोडवर चेन उतरली म्हणून थांबलो होतो. ऊन तिरपं पडलेलं. सहज वर बघितलं. आक्काची बाजरी उगवली होती. दोन पानांचे कोंब, काळ्यावर हिरव्या ओळी. आणि त्या ओळींमध्ये एक ओळ नव्हती.

आधी वाटलं, पेरताना नळा बुजला. असं होतं. पेरायच्या पाभरीच्या ज्या नळ्यातून बी मातीत पडतं, त्यात ओली माती अडकते, वर चाड्याच्या वाटीत बी सोडणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, आणि उगवल्यावर रिकामी ओळ दिसते. मग लोक त्या शेतकऱ्याला हसतात. मीही हसणारच होतो. पण बुजलेला नळा दहा पावलांवर कुणाच्या तरी लक्षात येतोच. ही रिकामी ओळ रस्त्यापासून सुरू होऊन थेट पलीकडच्या बांधापर्यंत गेली होती. जुनी वाट तिरकी होती. पाभर तिरकी चालत नाही, म्हणून ही सरळ होती. रस्त्याच्या तोंडाशी, जिथे चिखल होतो, तिथे मुरूम टाकलेला. आणि काटेरी कुंपणाला एक फट, सायकलच्या हँडलएवढी.

मी सायकल आत घातली. पेटीतून आवाज आला नाही.

ती वाट पुढे किती वर्षं राहिली, कशी वाढली, ते मनात नुसतं फिरत राहतं. श्रावणात बाजरी गुडघ्याला लागायची, भादव्यात खांद्यावर जायची, आणि कणसं भरली की दोन्ही हातांवर घासायची; बाह्यांवर फुलोरा चिकटायचा. आत शिरलं की रस्ता दिसत नसे, आकाशाची तेवढी एक पट्टी. पाखरं राखणाऱ्या बायका मचाणावरून ओरडायच्या, "कोन चाललंय रं खालनं?" आणि मी घंटी वाजवायचो. साहेबांनी मोबाईलवर झाडांमधली ती स्वतंत्र वाट दाखवली, तेव्हा माझ्या मनात हेच आलं. अशा वाटेवरून मी गेलोय. माझी जरा अरुंद होती, एवढंच. तिच्यावरून माल वेळेत पोचला, अख्खा पोचला, म्हणून पहिली हॉटेलं टिकली, मग चाचांच्या बेकरीत मी भागीदार झालो आणि आज या पायरीवर उभं राहून साहेबांशी भांडतो आहे. मी स्वतःच्या बळावर वर आलो, असं चारचौघांत सांगतो. खोटं नाही ते. पण बळ चाकाला असतं. चाकाखालची जमीन कुणाची तरी असते.

परवा साहेब पुन्हा आले. पट्टा वाळला होता. माझ्या दुकानापुढे एक मोटार त्याच्यावरच लावलेली होती. मी म्हणालो, "साहेब, खांब लावा. नुसता रंग चालत नाही. आणि तिथे विजेच्या पेटीपाशी जरा वळवून घ्या." ते म्हणाले, "काका, तुमचा तर विरोध होता." मी म्हणालो, "विरोध आहेच. माझ्या गिऱ्हाईकाची जागा जाते. पण काही तरी गेल्याशिवाय वाट होत नाही, हे मला माहीत आहे. फक्त तुम्ही अर्धवट सोडू नका. रस्त्यापासून बांधापर्यंत न्या." बांध कुठला, हे त्यांना कळलं नसेल. मी त्यांना चहा आणि खारी दिली. खारीचे त्यांनी पैसे देऊ केले, ते मी घेतले नाहीत, आणि भट्टीवरची पोरं आतून एकमेकांना खुणावत होती की म्हाताऱ्याला आज झालंय काय.

त्या सकाळी, बाजरीतून पहिल्यांदा गेलो तेव्हा, आक्का पलीकडच्या बांधावर खुरपं घेऊन बसली होती. मी सायकल थांबवली. जे आधी मनात आलं होतं तेच विचारलं.

"आक्का, नळा बुजला हुता का गं?"

"बुजला न्हाई. बुजवला. माज्या लुगड्याची चिंधी हाय त्यात, शेवटच्या फेरीला घातलेली. आजून काढली न्हाई."

"आगं मग सांगायचं की. आठ दिस मी चिखलातनं चाललोय. वड्यातनं सायकल खांद्यावर घेऊन. एक शबुद बोलली आस्तीस तर?"

तिने खुरप्याची माती बोटाने पुसली. "सांगितलं आस्तं तर तू भाव केला आस्ता. म्हनला आस्ता, आक्का, दोन नळं बुजव."

मी तेच म्हणालो असतो.

मी कॅरेजवरची पेटी उघडली. तिने सवयीने ओंजळ पुढे केली. तळ बघितला. त्या दिवशी वाटेवर एकही खारी तुटली नव्हती. मग मी वरच्या थरातल्या चांगल्या, फुललेल्या, सोनेरी कडेच्या दोन खाऱ्या घेतल्या, दोन्ही तळव्यांत धरल्या आणि तिच्या ओंजळीवर बारीक चुरल्या.